हाकेला ओ : पडद्यावरचे बटण हलू कसे लागले?

१/१५
२४ जानेवारी १९८४ रोजी ॲपल कंपनीने मॅकिंटॉश हा संगणक लोकांसमोर आणला. त्याच्या पडद्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके होते. रंग दोनच, काळा आणि पांढरा. मेमरी अवघी १२८ किलोबाइट. त्या चिमुकल्या पडद्यावर मधूनमधून गोलसर कोपऱ्यांची एक चौकट उमटे आणि तिच्यात एखादा शब्द लिहिलेला असे. बाण तिच्यावर नेऊन माउसची कळ दाबली की चौकटीतले पांढरे काळे होई आणि काळे पांढरे. बोट उचलले की सारे पूर्ववत.

घटना एवढीच. आज स्वतःच्या आवडीची थीम रचणारा कोणीही तरुण एका ओळीत याहून कितीतरी देखणा परिणाम साधतो. बटण उजळते, किंचित दबते, अलगद रंग बदलते. परंतु त्या एका ओळीमागे अर्धशतकाहून मोठा इतिहास आहे. त्यात मोटारींचे आराखडे आहेत, व्यंगचित्रपट आहेत, चक्कर येऊन फोन बाजूला ठेवणारी माणसे आहेत. आणि त्या साऱ्यातून फिरून फिरून एकच प्रश्न समोर येतो : बटण हलते ते कोणासाठी?

२/१५
प्रारंभ पडद्याच्या बराच आधी होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेच्या घंटा आल्या आणि दाबायचे बटण घराघरांच्या दारावर बसले. या बटणाचे वैशिष्ट्य असे की दाबणाऱ्याचे बोट एकीकडे आणि परिणाम दुसरीकडे. दोर ओढून घंटा वाजवताना घंटेचे वजन हाताला जाणवत असे. विजेच्या बटणात ती जाणीव उरली नाही. तार भिंतीआड गेली आणि घंटा आतल्या खोलीत.

तरीही दाबणाऱ्याला काही खुणा मिळत. बटणाखालची स्प्रिंग बोटाला विरोध करी, मग एका क्षणी हार मानी. बारीकसा ‘खट्’ आवाज येई. बोट उचलले की बटण वर येई. घंटा ऐकू आली नाही तरी आपण दाबल्याचे बोटाला कळत असे. मराठीत हाक मारल्यावर ‘ओ’ येणे याला जे महत्त्व आहे, तेच या लहानशा विरोधाला आहे. काम पुढे होईल की नाही हा भाग वेगळा. हाक ऐकली गेली, एवढे तरी कळते.

संगणकाच्या काचेला मात्र ना स्प्रिंग होती ना आवाज.

३/१५
१९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीत ‘स्केचपॅड’ हा चित्रे काढण्याचा कार्यक्रम सादर केला. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येत. आज्ञा देण्याची बटणे मात्र पडद्याबाहेर, शेजारच्या फळीवर होती. ती खरीखुरी होती, बोटाला लागणारी.

डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे संगणकतज्ज्ञांची परिषद भरली. तिथे ९ डिसेंबरला डग्लस एंगेलबार्ट यांनी माउस, खिडक्या आणि परस्परांना जोडलेले मजकूर यांचे प्रात्यक्षिक दाखवले. ते जगप्रसिद्ध झाले. त्याच परिषदेच्या कार्यवृत्तात आयबीएमचे रॉबर्ट मिलर यांचा एक निबंध आहे, त्याची आठवण फार थोड्यांना असते. माणूस आणि संगणक यांच्या संवादात उत्तर किती वेळात यावे, हा त्याचा विषय. कळ दाबल्यावर ती दाबली गेल्याची खूण साधारण ०.१ सेकंदात मिळाली पाहिजे, असे मिलर यांनी मांडले. त्याहून उशीर झाला तर आपली कृती आणि यंत्राची प्रतिक्रिया यांतला धागा मनात तुटतो.

एका परिषदेने माणसाच्या हातात माउस दिला आणि यंत्राने ‘ओ’ किती वेळात द्यावी हेही नोंदवून ठेवले.

४/१५
०.१ सेकंदात पडद्यावर काही बदलून दाखवणे त्या काळी सोपे नव्हते. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. त्याच्या पडद्यावर आडवे ६०६ आणि उभे ८०८, म्हणजे जवळजवळ ४ लाख ९० हजार ठिपके होते, आणि प्रत्येक ठिपक्याची नोंद मेमरीत स्वतंत्रपणे ठेवावी लागे. एखादी चौकट पुन्हा रंगवायची तर तिच्यातल्या शेकडो ठिपक्यांना हात लावणे आले.

१९७५ च्या सुमारास डॅन इंगल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर ‘बिटब्लिट’ नावाची युक्ती शोधली. पडद्यावरचा एक आयत उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवणे, मिसळणे किंवा उलटवणे ही सारी कामे एकाच मूलभूत क्रियेत होऊ लागली. आयत उलटवण्याची सोय विशेष मोलाची ठरली. काळ्याचे पांढरे करण्यासाठी नवे चित्र साठवून ठेवण्याची गरज नव्हती, आणि तीच क्रिया पुन्हा केली की मूळ चित्र आपोआप परत येई.

काळे-पांढरे उलटणे ही पडद्यावरच्या बटणाची पहिली हालचाल ठरली, ती या काटकसरीमुळे. रुचीपेक्षा मेमरीचा प्रश्न त्या काळी मोठा होता.

५/१५
मॅकिंटॉशने ही युक्ती सामान्य माणसापर्यंत नेली आणि तिच्यात एक मोलाची भर घातली. माउसची कळ दाबून धरली की बटण काळे होई. कळ न सोडता बाण बटणाबाहेर सरकवला की ते पुन्हा पांढरे होई. बाहेर असताना बोट उचलले तर काहीच घडत नसे. पुन्हा आत आणून उचलले तरच काम होई.

म्हणजे दाबणे आणि करणे यांच्यामध्ये विचार बदलायला जागा ठेवलेली होती. दारावरच्या घंटेला ही सोय नाही. बोट लागले की घंटा वाजलीच. ‘सर्व पुसून टाका’ अशा बटणावर चुकून कळ दाबणाऱ्या माणसाला मॅकिंटॉश जणू विचारत असे, ‘नक्की ना?’ आणि हा प्रश्न तो शब्दांवाचून, केवळ रंग पालटून विचारत असे.

हे वर्तन यंत्रातल्या ६४ किलोबाइटच्या कायमस्वरूपी मेमरीत कोरलेले होते. कार्यक्रम लिहिणाऱ्याला ते आयते मिळे. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांनी लिहिलेल्या कार्यक्रमांतली बटणे एकसारखी वागत. माणसाने एकदा शिकलेली गोष्ट सर्वत्र चाले. विश्वास बसतो तो अशा सारखेपणाने.

६/१५
त्याच मॅकिंटॉशमधली आणखी एक बारीकशी गोष्ट इतिहासकाराने जपून ठेवावी अशी आहे. मेनूतला एखादा पर्याय निवडला की तो नाहीसा होण्याआधी क्षणभर लुकलुकत असे. निवड पोहोचली, ही त्याची पोच.

पण कोणाला हे लुकलुकणे आवडेल, कोणाला त्याचा कंटाळा येईल. म्हणून ‘कंट्रोल पॅनेल’मध्ये त्यासाठी एक सोय होती. पर्यायाने किती वेळा लुकलुकावे हे वापरणाऱ्याने स्वतः ठरवायचे, शून्य ते तीन वेळा. शून्य निवडले की लुकलुकणे बंद.

१२८ किलोबाइटच्या यंत्रात एकेक बाइट मोजून वापरला जात होता. तिथेही हालचाल नाकारण्याच्या पर्यायाला जागा मिळाली. पडद्यावर काय हलावे याचा अधिकार अखेर पाहणाऱ्याचा, हे तत्त्व १९८४ मध्येच एका लहानशा चौकटीत मांडलेले होते. पुढच्या तीस वर्षांत ते बऱ्याच अंशी विसरले गेले, आणि पुन्हा आठवले तेव्हा त्याची किंमत काही लोकांनी शरीराने मोजली होती.

७/१५
१२ ऑक्टोबर १९८८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ‘नेक्स्ट’ संगणक सादर झाला. त्याच्या पडद्यावर काळा, पांढरा आणि मधल्या दोन राखाडी अशा चार छटा होत्या. या दोन राखाडी छटांनी बटणाला जाडी दिली. वरची आणि डावी कड फिकी, खालची आणि उजवी कड गडद, एवढे केले की डोळ्याला वाटे, प्रकाश डावीकडून वरून पडतो आहे आणि बटण पडद्यातून वर आले आहे. कडांची अदलाबदल केली की तेच बटण आत गेल्यासारखे दिसे.

पुढच्या दोन वर्षांत युनिक्सच्या जगात ‘मोटिफ’ने आणि मे १९९० मध्ये ‘विंडोज ३.०’ने हीच वाट धरली. विंडोजने तिला आणखी एक बारकावा जोडला. बटण दाबले की त्यावरची अक्षरे एक ठिपका उजवीकडे आणि एक ठिपका खाली सरकत. फक्त एक ठिपका! पण डोळ्याला ते बटण बसल्याचे पटे.

दारावरच्या बटणाची हरवलेली स्प्रिंग अशा रीतीने राखाडी रंगातून परत आली. बोटाला जो विरोध मिळत नव्हता, तो डोळ्याला मिळू लागला.

८/१५
या साऱ्या हालचाली खरे पाहता दोन चित्रांच्या होत्या, एक दाबण्याआधीचे आणि एक दाबल्यावरचे. मधला प्रवास नव्हता. तो प्रवास कसा दाखवावा हे व्यंगचित्रपट काढणाऱ्यांना कधीपासून ठाऊक होते. १९८१ मध्ये डिस्ने स्टुडिओतील फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या ज्येष्ठ कलावंतांनी आपल्या अनुभवाची बारा तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. त्यांतील एक तत्त्व असे की कोणतीही वस्तू एकदम वेग घेत नाही आणि एकदम थांबत नाही. ती हळू निघते, मध्ये वेग घेते, शेवटी मंदावते. सम वेगाने सरकणारी वस्तू निर्जीव भासते.

१९९३ मध्ये बे-वेई चँग आणि डेव्हिड अंगर या संशोधकांनी ही तत्त्वे थेट संगणकाच्या पडद्यावर आणली. व्यंगचित्रांकडून इंटरफेसने काय शिकावे, हाच त्यांच्या निबंधाचा विषय होता. वस्तू अचानक प्रकटली किंवा नाहीशी झाली की काय घडले याचा तर्क पाहणाऱ्याला करावा लागतो. तीच वस्तू सरकत, वाढत, आकसत गेली की बदलाचा माग डोळाच ठेवतो आणि बुद्धीवरचा भार कमी होतो, असा त्यांचा मुद्दा होता.

९/१५
यानंतर इंटरनेट आले, आणि बटणाचा इतिहास काही काळ मागे गेला. सुरुवातीच्या वेबपानांवर हालचालीची सोयच नव्हती. ऑगस्ट १९९६ मध्ये ‘नेटस्केप ३.०’ हा ब्राउझर आला. त्यात जावास्क्रिप्ट वापरून पानावरचे एक चित्र काढून त्या जागी दुसरे बसवता येऊ लागले. बाण बटणावर आला की चकाकते चित्र, बाण दूर गेला की साधे.

अडचण वेगाची होती. त्या काळच्या २८.८ किलोबिटच्या मोडेमवरून सेकंदाला जास्तीत जास्त ३.६ किलोबाइट येत. ८ किलोबाइटचे चकाकते चित्र मागवायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागे. तोवर माणूस बाण घेऊन निघून गेलेला असे. हाक मारणारा दारातून परतल्यावर आतून ओ यावी, तशी ही गत.

म्हणून पान उघडतानाच सगळी चित्रे गुपचूप आधी मागवून ठेवण्याची रीत पडली. मे १९९८ मध्ये ‘सीएसएस २’ या मानकाने ‘होव्हर’ आणि ‘फोकस’ या अवस्थांना अधिकृत नाव दिले. आता चित्रे न बदलता निव्वळ रंग पालटता येऊ लागला. मिलर यांचा ०.१ सेकंद पुन्हा आवाक्यात आला.

१०/१५
तोवर बटण कसे दिसावे आणि कसे वागावे हे कंपन्या ठरवत होत्या. १९९८ मध्ये एका लहानशा गाणी वाजवणाऱ्या कार्यक्रमाने ही मक्तेदारी हलवली. त्याचे नाव ‘विनॲम्प’.

विनॲम्पचा सारा चेहरा काही चित्र-फायलींत साठवलेला असे आणि त्या फायली कोणालाही बदलता येत. मुख्य खिडकी २७५ गुणिले ११६ ठिपक्यांची. गाणे सुरू करणे, थांबवणे, पुढे नेणे यांची बटणे १३६ गुणिले ३६ ठिपक्यांच्या एकाच चित्रात मांडलेली असत. वरच्या ओळीत स्वस्थ बटणे, खालच्या ओळीत तीच दाबलेली. ते चित्र साध्या ‘पेंट’मध्ये उघडायचे, हवे तसे रंगवायचे, सगळ्या फायली एका झिप संचात बांधायच्या, की झाली नवी ‘स्किन’. कार्यक्रम लिहिता येण्याची गरज नव्हती.

जगभरातल्या तरुणांनी लाकडी, धातूच्या, अंतराळयानासारख्या स्किन रचल्या. दाबलेल्या बटणाची ओळ रंगवताना प्रत्येकाला एक प्रश्न स्वतः सोडवावा लागला : दाबले गेल्याचे कळेल कसे? पूर्वी प्रयोगशाळेत विचारला जाणारा प्रश्न आता घरोघरी विचारला जाऊ लागला.

११/१५
५ जानेवारी २००० रोजी ॲपलने ‘ॲक्वा’ हे नवे रूप दाखवले आणि २४ मार्च २००१ रोजी ते ‘मॅक ओएस टेन’सह लोकांच्या हाती आले. त्यातले मुख्य बटण निळ्या काचेच्या थेंबासारखे होते आणि ते सतत मंद श्वास घेत असे. निळे गडद होई, फिके होई, पुन्हा गडद. २००७ च्या ‘विंडोज व्हिस्टा’तही मुख्य बटणाला असाच मंद उजाळा मिळाला.

त्यामागे हेतू होता. कळफलकावरची ‘रिटर्न’ कळ दाबली तर कोणते बटण दाबले जाईल, हे त्या श्वासावरून कळे. तरीही इथे एक मूलभूत बदल घडला होता. आतापर्यंत बटण हाकेला ओ देत होते. आता ते कोणी हाक मारण्याआधीच बोलू लागले. माणूस चौकटीतला मजकूर वाचत असताना डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी सतत हलत राही आणि लक्ष तिकडे ओढले जाई. माणसाच्या डोळ्याला कडेच्या हालचालीकडे दुर्लक्ष करणे जड जाते.

२०१४ मध्ये मॅकच्या नव्या आवृत्तीत तो श्वास थांबवण्यात आला. बटणाला निळा रंग तेवढा उरला. मुख्य बटण ओळखायला तो पुरेसा होता.

१२/१५
२९ जून २००७ रोजी आयफोन विक्रीस आला आणि माउस बाजूला पडला. बोट थेट काचेवर आले. त्याबरोबर ‘होव्हर’ ही अवस्थाच निरर्थक झाली. बोट काचेला टेकण्याआधी कुठे आहे हे यंत्राला कळत नाही. शिवाय बोट स्वतःच बटण झाकून टाकते.

आणखी एक अडथळा होता. वेबपाने मोठ्या पडद्यांसाठी बनलेली, त्यामुळे फोनवर ती मोठी करून पाहण्यासाठी दोनदा टिचकी मारण्याची सोय दिली होती. म्हणून पहिल्या टिचकीनंतर दुसरी येते का, हे पाहण्यासाठी ब्राउझर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबत असे. मिलर यांच्या मर्यादेच्या तिप्पट. तेवढ्यात बटण मृतवत भासे आणि माणूस ते पुन्हा दाबी. पैसे भरण्याच्या पानावर पुन्हा दाबणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पुढे मोबाइलसाठी रचलेल्या पानांपुरते हे थांबणे ब्राउझरांनी सोडून दिले.

जून २०१४ मध्ये गूगलने ‘मटेरियल डिझाइन’ मांडले. त्यात बटणावर बोट टेकताच त्या नेमक्या बिंदूपासून पाण्यात उठावा तसा तरंग पसरे. बोटाने झाकलेल्या जागेतून उत्तर बाहेर येऊन दिसू लागले.

१३/१५
मधला प्रवास दाखवण्याचे काम तोवर फार सोपे झाले होते. मार्च २००८ मध्ये ‘सफारी ३.१’ ब्राउझरमध्ये ‘ट्रान्झिशन’ हा सीएसएसचा गुणधर्म आला आणि मार्च २००९ मध्ये त्याच्या मानकाचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. आधीचा रंग, नंतरचा रंग आणि लागणारा वेळ एवढे सांगायचे. मधल्या सगळ्या छटा यंत्र स्वतः काढते. वेग कसा घ्यावा आणि कसा सोडावा हे सांगायला एक वक्ररेषा वापरली जाते. तिचे नाव ‘क्युबिक बेझिए’.

ही वक्ररेषा फ्रान्समधल्या मोटार-कारखान्यांतून आली. मोटारीच्या पत्र्याचा बाक गणिताने नेमका सांगता यावा म्हणून सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी साठच्या दशकात स्वतंत्रपणे हे गणित रचले. डिस्नेच्या कलावंतांची ‘हळू निघणे, हळू थांबणे’ ही जाण आणि मोटारीच्या पत्र्याचा बाक, दोन्ही आज एका बटणात एकत्र नांदतात.

फेब्रुवारी २०११ मध्ये लिनक्सवरील ‘जीटीके ३’ या इंटरफेस-संचाने थीमसाठी सीएसएससारखी भाषा स्वीकारली. तिच्यात ट्रान्झिशनही आले. विनॲम्पच्या स्किनमधून मिळालेले स्वातंत्र्य आता सबंध डेस्कटॉपला लाभले, आणि तेही चित्राऐवजी दोन-चार ओळींच्या मजकुरात.

१४/१५
हालचाल स्वस्त झाली की ती उधळली जाते. १८ सप्टेंबर २०१३ रोजी ‘आयओएस ७’ आले. त्यात कार्यक्रम उघडताना पडदा झेप घेतल्यासारखा आत जाई आणि फोन कलता केला की मागचे चित्र सरके. काही दिवसांतच वापरणाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. चक्कर येते, मळमळते, डोके दुखते.

यामागे शरीरशास्त्र आहे. तोल सांभाळणारी यंत्रणा आतल्या कानात असते. डोळे सांगतात ‘आपण पुढे जात आहोत’ आणि कान सांगतो ‘आपण स्थिर आहोत’. या विसंवादाचा काही माणसांना खराखुरा त्रास होतो. ऑक्टोबर २०१३ मधल्या ‘७.०.३’ या सुधारणेत ॲपलने हालचाल कमी करण्याचा पर्याय वाढवला. तो निवडला की झेपेऐवजी चित्र अलगद विरघळे.

मार्च २०१७ मध्ये ‘सफारी १०.१’ने हीच निवड वेबपानांना कळण्याची सोय केली. सीएसएसमधले तिचे नाव ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’. ५ जून २०१८ रोजी प्रसिद्ध झालेल्या सुलभतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे ‘डब्ल्यूसीएजी २.१’मध्ये, माणसाच्या कृतीने सुरू होणारी अनावश्यक हालचाल त्याला बंद करता आली पाहिजे, ही कसोटीही नोंदवली गेली. १९८४ च्या कंट्रोल पॅनेलमधले ते ‘शून्य’ असे तेहतीस-चौतीस वर्षांनी परत आले.

१५/१५
आज कोणी स्वतःची थीम रचायला बसला तर त्याच्या चार ओळींत हा सारा इतिहास उतरतो.

पहिली ओळ अवस्थांची : स्वस्थ, बाण वर आलेला, दाबलेले आणि कळफलकाने निवडलेले. शेवटची अवस्था पुष्कळदा राहून जाते. जो माउस वापरू शकत नाही त्याला बटण सापडते ते तिच्याचमुळे, म्हणून ‘फोकस’ची कड पुसू नये. दुसरी ओळ वेळेची. बटण दाबताच प्रतिसाद तत्काळ दिसावा, आणि सोडल्यावर ते १५० ते २०० मिलिसेकंदांत सावकाश परतले तरी चालते. सीएसएसमध्ये ज्या अवस्थेत जायचे तिथे लिहिलेला वेळ लागू होतो. म्हणून दाबलेल्या अवस्थेला शून्याच्या जवळचा वेळ द्यावा आणि मूळ अवस्थेला थोडा अधिक. तिसरी ओळ हालचालीच्या प्रकाराची. बटणाची रुंदी किंवा भोवतालची जागा बदलली की शेजारचा मजकूर ढकलला जातो आणि पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यात रंग, पारदर्शकता किंवा ‘ट्रान्सफॉर्म’ने केलेला किंचित संकोच सुखाने बसतो. चौथी ओळ नकाराची : ज्याने हालचाल कमी मागितली आहे त्याच्यासाठी सरकणे आणि आकसणे काढून टाकावे, रंगातला बदल ठेवावा. हालचाल थांबली तरी उत्तर थांबता कामा नये.

साधनांनी केव्हाच टोक गाठले आहे. मॅकिंटॉशकडे दोन रंग होते, आजच्या थीमकडे कोट्यवधी आहेत. पण त्या दोन रंगांत जे बसले होते त्याहून बटणाचे काम आजही मोठे झालेले नाही. माणसाने हाक मारावी, यंत्राने तत्परतेने ओ द्यावी, विचार बदलायला क्षणभर अवधी द्यावा आणि हाक नसताना गप्प राहावे.